तयार घरालाही घरकुल म्हणा
मा. ग्रामविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस खुले पत्र

सन्माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

माझ्या चुलतीचं घरकुल लिंटेलवर अडकून दोन पावसाळे झाले. औसा तालुक्यातलं आमचं गाव. यादीत नाव आलं तेव्हा काकूनं अख्ख्या गल्लीत साखर वाटली होती. जोतं झालं, इंजिनिअर मोबाइलवर फोटो काढून गेले, हप्ता पडला, भिंती दाराच्या उंचीला आल्या. मग दिवाळी झाली आणि गवंडी पुण्याच्या साइटवर निघून गेला. तिथं रोज जास्त मिळतो, त्याला तरी काय बोलणार? दुसरा गवंडी अंगावर काम घ्यायला जेवढे मागतो तेवढे काकूकडं नाहीत. काम पुढं सरकलं नाही म्हणून फोटो नाही, फोटो नाही म्हणून हप्ता नाही. उघड्या भिंतींवर गवत उगवलंय, गजांना गंज चढलाय, आणि काकू शेजारी पत्र्याच्या खोपीत राहते.

त्याच रस्त्यावर एका द्राक्षबागेत राखणदारासाठी तयार खोली आली. सकाळी ट्रेलरवर आली, क्रेननं सिमेंटच्या ठोकळ्यांवर उतरवली, दिवेलागणीला आत बल्ब लागला. मी मुद्दाम आत जाऊन पाहिलं. दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या भिंती, खिडक्यांना जाळ्या, कोपऱ्यात मोरी. अशा दोन खोल्या जोडल्या तर काकूचं घर होईल, हाच विचार डोक्यात बसला. बँकेत विचारलं. साहेब म्हणाले, हे घर नाही, वस्तू आहे. वैयक्तिक कर्ज घ्या. त्याचं व्याज काकूला या जन्मी झेपणार नाही.

साहेब, माझं मागणं एवढंच आहे: कारखान्यात तयार झालेल्या घराला सरकारनं घर म्हणावं. त्याची ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला, म्हणजे घरपट्टीच्या वहीत, नोंद व्हावी, त्यावर गृहकर्ज मिळावं आणि घरकुलाचं अनुदान त्यालाही लागू व्हावं.

घरकुलाला केंद्राच्या योजनेतून १ लाख २० हजार मिळतात, त्यात राज्यानं आणखी ५० हजारांची भर घातली, पाच ब्रास वाळू मोफत दिली. याबद्दल मी मनापासून आभार मानते. पण वाळू फुकट मिळाली तरी ती रचणारा हात गावात राहिलेला नाही. योजनेला किमान २५ चौरस मीटरचं घर लागतं, म्हणजे साधारण २७० चौरस फूट. एवढं घर त्या खोलीसारख्या तयार भिंतींचं, म्हणजे पॅनेलचं असेल तर जोतं तयार असताना काही दिवसांत उभं राहतं.

हे तंत्र सरकारला नवं नाही. १ जानेवारी २०२१ ला पंतप्रधानांनी सहा शहरांत नव्या तंत्राच्या घरांची पायाभरणी केली. त्यात इंदूरला सँडविच पॅनेल वापरलं. इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली, तेव्हा वाचलेल्या कुटुंबांना आधी कंटेनरच्याच घरांत आसरा दिला.

घरकुलात ठेकेदार नको, लाभार्थ्यानं स्वतः बांधावं, हा नियम मला ठाऊक आहे आणि तो योग्यच आहे. ठेकेदारांनी गरिबांच्या घरांचं काय केलं ते गावागावांत दिसतं. म्हणून एका कंपनीला जिल्ह्याचं कंत्राट देऊ नका. तपासलेल्या घरांची यादी करा, दर आणि हमी जाहीर करा, आणि निवड काकूवर सोडा. अमेरिकेत १९७६ पासून अशा घरांना एकच राष्ट्रीय प्रमाण आहे; प्रत्येक भागावर तपासणीची लाल धातूची पट्टी असते. तिथली ठेचही लक्षात घ्या. घर स्वतःचं पण जागा भाड्याची, अशी हजारो कुटुंबं भाडं वाढलं की हवालदिल होतात, कारण घर हलवायचा खर्च परवडत नाही. म्हणून आधी जागा. भूमिहीनांना जागेसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून मदत मिळते, ती आणि तयार घर एकाच अर्जात द्या.

आम्ही किल्लारीच्या भूकंपपट्ट्यातली माणसं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगडमातीच्या भिंती आणि माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, ओझं माणसांच्या अंगावर आलं. हलक्या घराचं मोल आम्हाला वेगळं सांगायला नको. नंतर काही ठिकाणी घुमटासारखी गोल घरंही बांधली गेली. गोल भिंतीला पेटी कुठं टेकवायची, देव्हारा कुठं मांडायचा, हे बायांना कुणी विचारलं नव्हतं. या वेळी विचारा. ओसरी लागते. चुलीचा धूर जायला वाट लागते. मुलाचं लग्न झालं की एक खोली वाढवता आली पाहिजे.

या पावसाळ्याआधी एका तालुक्यात, अर्धवट पडलेल्या घरकुलांपासून सुरुवात करा. पहिलं घर झालं की आपण स्वतः या. मे महिन्यात, भर दुपारी, पंखा बंद करून आत तासभर बसा. तेवढ्यात भिंती किती तापतात ते हात लावून कळेल. चहा काकू करेल.

आपली नम्र,
औसा तालुक्यातील एक शिक्षिका