बार बंद झाल्यावर घरी जायचे कसे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गंगापूर रोड आणि कॉलेज रोड परिसरातील बार, लाउंज आणि क्लब रात्री लवकर बंद करावेत, ही मागणी आपल्या नाशिक शहरात अधूनमधून डोके वर काढते. एखादा अपघात झाला की तिला जोर चढतो, नाकाबंदी लागते, आणि काही दिवसांत सारे पूर्ववत होते. मी याच भागात राहतो आणि जुन्या मित्रांबरोबर एखाद्या शनिवारी बसतोही, त्यामुळे या वादाच्या दोन्ही बाजू मला जवळून दिसतात. बंद करण्याची वेळ, गाण्यांचा आवाज आणि तरुण पिढीचे वळण यांवर आपण भरपूर बोलतो. मात्र पिणे संपल्यावर माणूस घरी कसा पोहोचणार, हा प्रश्न कोणी विचारत नाही. जिवावर बेतते ते नेमके त्या वाटेवर.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार, चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळल्यास तो गुन्हा ठरतो. ही मर्यादा किती कमी आहे, याचा अंदाज पिणाऱ्यांपैकी फार थोड्यांना असतो. साधारण सत्तर किलो वजनाच्या पुरुषाने ६५० मिलिलिटरची साध्या बिअरची एक बाटली तासाभरात संपवली, तरी तो ती ओलांडण्याची दाट शक्यता असते. बाटली स्ट्राँग बिअरची असेल, तर रक्तातील प्रमाण मर्यादेखाली यायला चारेक तास जाऊ शकतात, कारण शरीर १०० मिलिलिटर रक्तामागे तासाला साधारण पंधरा मिलिग्रॅमच्याच वेगाने अल्कोहोलचा निचरा करते. लिंबूपाणी, कडक कॉफी किंवा तोंडावर मारलेले गार पाणी यांनी हा वेग वाढत नाही. भरपेट चखण्यामुळे अल्कोहोल रक्तात उतरायला थोडा उशीर होतो. म्हणजे ‘मी फक्त एक बिअर घेतली आहे, मला काही झालेले नाही’ असे प्रामाणिकपणे सांगणारा माणूसही बहुधा कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार असतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय अशा अपघातात स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा दावा फेटाळला जातो, हे तर अनेकांना दावा दाखल केल्यावरच कळते.

एवढा कडक कायदा असताना माणसे गाडी घेऊन का जातात? याचे उत्तर बेफिकिरीत आहेच, पण त्याहून अधिक ते शहराच्या रचनेत आहे. शालिमार किंवा नाशिक रोडच्या बाजारपेठेतील जुन्या परमिट रूममध्ये बसणारा ग्राहक बहुतेक त्याच वस्तीतला असे आणि उठल्यावर पायी घरी जाई. नवी ठिकाणे मात्र गंगापूर रोडने पुढे गोवर्धन आणि गंगापूर धरणाच्या दिशेने सरकली आहेत. तिकडे मोकळी जागा आहे, पार्किंग आहे, शाळा आणि देवस्थाने यांपासून राखावे लागणारे अंतर तिथे सहज राखता येते; पावलोपावली मंदिर असलेल्या शहराच्या जुन्या भागात ते कठीणच. वाइन पर्यटनानेही लोकांना याच रस्त्यावर आणले. राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी धोरण आणले, सुला या वाइन कंपनीने २००५ मध्ये टेस्टिंग रूम सुरू केली आणि मुंबई-पुण्याची मंडळी शनिवार-रविवारी इकडे वळू लागली. याचा शहराला फायदा झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र पिण्याची जागा वस्तीपासून दहा-पंधरा किलोमीटर लांब गेली, आणि तिथून परतण्याचे साधन ज्याचे त्याने पाहावे, असे आपण सर्वांनी मिळून गृहीत धरले.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीला बंदी घातली, तीही मद्यपी चालकांमुळे होणारे अपघात रोखण्यासाठीच. पुढे शहरांच्या हद्दीत तो नियम शिथिल झाला. तो कायम राहिला असता, तरी ग्राहक दुचाकीवर बसून पाचशे मीटर आत गेलाच असता. दुकान हलवून चालक बदलत नाही. लवकर बंद करण्याच्या मागणीचेही तेच. अकरा वाजता बंद केले, तर घाईने पिऊन अकरा वाजता गाडी चालवली जाईल, आणि त्या वेळी रस्त्यावर वर्दळही जास्त असते.

सिडको, सातपूर, पंचवटी किंवा नाशिक रोडला राहणाऱ्या मुलामुलींनी गाडी घरी ठेवायचे ठरवले, तर मध्यरात्रीनंतर त्यांच्यासमोर पर्याय कोणते असतात? सिटीलिंकची बस त्या वेळी मिळत नाही. अ‍ॅपवरची कॅब धरणाच्या बाजूला यायला तयार होतेच असे नाही, आणि रिक्षावाला मागेल ते भाडे द्यावे लागते. मुलींच्या बाबतीत त्या वेळी अनोळखी रिक्षात बसण्याची धास्ती आणखी वेगळी. ‘मग जाऊच नका’ असे म्हणणे सोपे आहे. मीही माझ्या पुतण्याला तेच म्हणतो आणि तो ऐकत नाही.

शिवाय एका वर्गाचा या चर्चेत उल्लेखही होत नाही. वेटर, स्वयंपाकी, भांडी घासणारी मुले आणि दारावरचे सुरक्षारक्षक यांची सुट्टी ग्राहकांच्याही नंतर होते. ती प्यायलेली नसतात, पण दिवसभर उभ्याने काम करून पेंगुळलेली असतात, आणि अंधाऱ्या रस्त्याने, बहुधा हेल्मेटशिवाय, एका दुचाकीवर तिघे घरी जातात. समोरून भरधाव येणाऱ्या मोटारीचा चालक शुद्धीत आहे की नाही, हे त्यांना कसे कळणार? बारमालकांच्या संघटनांनी वेळ वाढवून मागताना या माणसांना घरी सोडण्याची व्यवस्थाही निवेदनात लिहावी, एवढी अपेक्षा अवाजवी नसावी.

यावरचे उपाय खर्चिक नाहीत. शुक्रवारी आणि शनिवारी रात्री गोवर्धनहून जुन्या सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) मार्गे नाशिक रोड आणि सिडकोकडे सिटीलिंकच्या दोन-तीन उशिराच्या फेऱ्या सोडता येतील. त्यांचा खर्च निघत नसेल, तर त्या मार्गावरील परवानाधारकांकडून वर्गणी घ्यावी. जेहान सर्कल आणि कॅनडा कॉर्नर येथे रात्रीपुरते प्रीपेड रिक्षा थांबे करून, दराचा फलक लावून तिथे एक पोलीस शिपाई बसवावा. पोलिसांनी ब्रेथ अ‍ॅनालायझर घेऊन महामार्गावर उभे राहण्याऐवजी पार्किंगच्या फाटकाबाहेर उभे राहावे, म्हणजे माणूस गाडी सुरू करण्याआधीच थांबेल. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ग्राहकाला आपली गाडी सकाळपर्यंत तिथेच ठेवता आली पाहिजे. आज बहुतेक ठिकाणी पार्किंग रिकामे करायला लावतात, बाहेर रस्त्यावर लावलेली गाडी टोइंगवाले उचलतात, आणि ज्याला खरोखर रिक्षाने जायचे आहे तोही नाइलाजाने किल्ली फिरवतो. रात्रभर गाडी ठेवू देण्याची अट परवाना नूतनीकरणाच्या वेळी घालता येईल का, याचा उत्पादन शुल्क विभागाने आणि महापालिकेने विचार करावा.

२०२७ च्या सिंहस्थासाठी लाखो भाविकांची ने-आण कशी करायची, याचे नियोजन करणाऱ्या यंत्रणेला आठवड्यातून दोन रात्री एका रस्त्यापुरती एवढी सोय करणे जड जाऊ नये. त्यासाठी थर्टी फर्स्टच्या बंदोबस्ताची वाट न पाहता, येत्या महिन्यातील एखाद्या शनिवारी हा प्रयोग करून पाहावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक
गंगापूर रोड, नाशिक