भिंगे मोजा, पण चाळणीही तपासा

महोदय,
दूरच्या स्रोताचा प्रकाश गुरुत्वाने वाकवून त्याच्या अनेक प्रतिमा दाखवणाऱ्या दीर्घिका म्हणजे गुरुत्वीय भिंगे. विश्वाचे प्रसरण वेगवान करणारी कृष्ण ऊर्जा जितकी जास्त, तितकी ही भिंगे जास्त; म्हणून त्यांच्या संख्येवरून तिचा अंदाज बांधता येतो, पण नुसती मोजदाद पुरत नाही. ‘क्लास’ या रेडिओ सर्वेक्षणात ८,९५८ स्रोतांमागे १३ भिंगे मिळाली. या आकड्याला वजन आहे ते निकष स्पष्ट असल्यामुळे: प्रतिमांमधले अंतर किमान ०.३ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग), तेजाचे गुणोत्तर १० च्या आत. शिवाय रेडिओ लहरींना धूळ अडवत नाही.

खरी गोम दीर्घिकांत आहे. भिंग होण्याची शक्यता त्यांतील ताऱ्यांच्या वेग-विखुरणाच्या (त्यांचे वेग एकमेकांपासून किती वेगळे, याच्या) चौथ्या घाताने वाढते. हे विखुरण १० टक्के जास्त धरले, तर अपेक्षित भिंगे तब्बल ४६ टक्क्यांनी वाढतात! भिंगामुळे उजळून यादीत घुसलेले मंद स्रोतही हिशेबात धरावे लागतात. ते विसरले की अपेक्षित भिंगे कमी भरतात आणि कृष्ण ऊर्जा फुगलेली दिसते.

– एक वाचक, पुणे