कापडी छताच्या चेनला तेल लावू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

वाहनाच्या देखभालीचा विषय निघाला की इंजिन ऑईल, टायरमधील हवा आणि बॅटरी यांच्याविषयी भरपूर लिहिले जाते. जीपसारख्या वाहनांवरील कापडी छताच्या खिडक्या आणि मागचा पडदा मात्र ज्या चेनने, म्हणजे झिपने, जोडलेले असतात, तिच्याविषयी चार ओळीही सहसा वाचायला मिळत नाहीत. वास्तविक कापड शाबूत असताना केवळ चेन लागत नाही म्हणून सगळे छत टाकून देण्याची वेळ येऊ शकते, आणि ती वेळ पुष्कळदा मालकानेच, अगदी चांगल्या हेतूने, ओढवून घेतलेली असते. मी स्वतः त्यातलाच असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

माझ्या वाहनाच्या मागच्या पडद्याची चेन जड चालू लागली, तेव्हा हाताशी असलेले शिवणयंत्राचे तेल मी तिच्यावर सढळ हाताने सोडले. सुरुवातीला रनर, म्हणजे चेन उघडझाप करणारा सरकता तुकडा, इतका सहज सरकू लागला की मी स्वतःवरच खूश होतो. परंतु त्या तेलाने रस्त्यावरची धूळ धरून ठेवली, दातांच्या फटींत काळा चिखल साचला आणि चेन पूर्वीपेक्षाही जड झाली. धुळीतले बारीक खडे तेलात कालवले गेले की ते पॉलिश पेपरसारखे काम करतात, आणि रनर जितक्या वेळा सरकवावा तितका तो आतून घासत जातो. चेनच्या दोन्ही बाजूंना कापडावर उमटलेला तेलकट पट्टा अनेकदा धुऊनही गेलेला नाही. ग्रीसची गोष्टही याहून वेगळी नाही.

चेन अडते ती बहुतेक वेळा कोरडेपणामुळे नव्हे, तर मळामुळे, म्हणून आधी धुलाई आणि मग वंगण हा क्रम बदलू नये. कोमट पाण्यात सौम्य साबण मिसळून, जुन्या दातब्रशने दोन्ही बाजूंचे दात आणि विशेषतः रनरच्या आतला भाग घासावा, साबणाचा अंशही राहणार नाही इतके स्वच्छ पाणी त्यावर सोडावे आणि चेन पूर्ण वाळू द्यावी. समुद्रकाठी वाहन चालवणाऱ्यांनी तर साध्या पाण्याची ही धुलाई वरचेवर करावी, कारण खाऱ्या हवेने धातूच्या रनरवर पांढरट बुरशीसारखा थर चढतो आणि रनर जागच्या जागी आवळला जातो. चेन वाळल्यावर दातांवरून मेणाचा तुकडा, साधी पांढरी मेणबत्तीसुद्धा चालते, हलक्या हाताने फिरवावा, रनर काही वेळा पुढेमागे करावा आणि जादा मेण फडक्याने पुसून घ्यावे. सिलिकॉनचा कोरडा स्प्रेही उत्तम, फक्त तो थेट न मारता फडक्यावर घेऊन लावावा. अन्यथा त्याचे तुषार पारदर्शक खिडकीवर उडतात आणि ती धुरकट दिसू लागते. पेन्सिलीचे शिसे घासण्याचा घरगुती उपाय धातूच्या दातांना लागू पडतो, पण कापडी छताला तो नकोच, कारण त्याने कापड काळे होते.

चेन लागत नाही म्हणजे दात झिजले, अशी आपली समजूत असते, पण दोष बहुधा रनरचा असतो. रनरच्या पोटात दोन वाटा एकत्र येतात आणि तिथेच दोन्हीकडचे दात एकमेकांत अडकवले जातात. प्रत्येक उघडझापीला सगळे दात या एवढ्याशा तुकड्यातून जात असल्यामुळे तो त्यांच्या आधी सैल पडतो. रनर पुढे गेल्यावर चेन मागे उघडीच राहत असेल, तर जुळलेले दात जिथून बाहेर पडतात त्या टोकाच्या दोन्ही कडा पकडीने किंचित, अगदी किंचित, दाबून पाहाव्यात. जोर लावणाऱ्यांनी येथे हात आवरावा, कारण पुष्कळ रनर जस्ताच्या मिश्रधातूचे असतात आणि ते वाकण्यापेक्षा तुटणे पसंत करतात. एवढ्याने भागले नाही तर फक्त रनर बदलून घेता येतो. त्याच्या पाठीवर बहुधा आकडा कोरलेला असतो आणि तो जुळलेल्या दातांची मिलिमीटरमधली अंदाजे रुंदी सांगतो. नवा रनर त्याच आकड्याचा आणि त्याच प्रकारच्या दातांचा लागतो. गुंडाळीच्या चेनचा, म्हणजे जिचे दात एका अखंड वेटोळ्याचे असतात तिचा, रनर सुट्या दातांच्या चेनवर नीट चालत नाही.

आणखी एक गोष्ट, जी वंगणाइतकीच महत्त्वाची असूनही लक्षात येत नाही, ती म्हणजे ताण. थंडीत प्लास्टिकची खिडकी आखडते आणि ताठ होते, आणि अशा वेळी रनर हिसक्याने ओढला तर दात टेपवरून, म्हणजे ते ज्या कापडी पट्टीवर बसवलेले असतात तिच्यावरून, निखळतात किंवा शिवण उसवते. त्यामुळे खिडकी थोडी उन्हात ऊबदार होऊ द्यावी, एका हाताने दोन्ही कडा जवळ आणून धराव्यात आणि मगच दुसऱ्या हाताने रनर सरळ रेषेत सरकवावा. चेनवर झाकणपट्टी असेल तर ती कायम नीट बसवून ठेवावी. उन्हाने टेप आणि शिवणीचा दोरा दोन्ही कमजोर होतात आणि मेण कितीही लावले तरी ते नुकसान भरून निघत नाही.

आपल्या दैनिकामार्फत छत शिवणाऱ्या कारागिरांना आणि उत्पादकांना एवढीच विनंती करावीशी वाटते की, छत हाती देताना चेनचा प्रकार आणि नंबर आतल्या बाजूच्या लेबलवर लिहून द्यावा, म्हणजे रनर गेल्यावर मालकाला नेमका तोच सुटा भाग मागता येईल.

आपला,
एक नियमित वाचक