हौसेचा हिशेब कशाला?

महोदय,
'कशाला हवी ही उधळपट्टी?' हा प्रश्न मला दर वेळी टोचतो. मी पैसे साठवून सोन्याच्या निबचं शाईपेन घेतलं. 14 कॅरेट, म्हणजे 58.5 टक्के सोनं; टोकाला मात्र झिजू नये म्हणून कठीण मिश्रधातूचा बारीकसा मणी. निबच्या फटीतून शाई केशाकर्षणाने आपसूक उतरते, हात दाबावा लागत नाही. ओली अक्षरं क्षणभर चकाकतात आणि मग कागदात मुरतात. ते पाहायला मी लिहिता लिहिता थांबते. कुणी अत्तर घेतं, कुणी चांगली उशी. घरखर्च भागवून, कर्ज न काढता केलेल्या हौसेचा जाब दुसऱ्याने का विचारावा? त्यातही घरातल्या बाईला तो हमखास विचारला जातो, याचं फार वाईट वाटतं.
— एक वाचक