दुकानाचा नियम दुकानात

चि. सोहम यास,
अनेक आशीर्वाद.

मी रात्रपाळीहून घरी येतो तेव्हा तू शाळेत, आणि तू क्लासहून येतोस तेव्हा माझी लोकल पकडायची घाई. म्हणून लिहूनच ठेवतोय. आई सांगत होती, दुकानातल्या स्पर्धेत तुझा डेक, म्हणजे खेळायला लावलेला पत्त्यांचा गठ्ठा, आता चालत नाही, म्हणून एकतर सगळे पोकेमॉनचे पत्ते विकायचे, नाहीतर नव्या पाकिटांना पैसे द्यायचे, असं तुझं म्हणणं आहे. तूर्त दोन्हीला नाही.

आधी बाद झालेला ढीग नीट चाळ. पत्त्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात जे बारीक अक्षर असतं, त्यावरून तो स्टँडर्डमध्ये, म्हणजे दुकानातल्या स्पर्धेच्या नियमांत, चालतो की नाही हे ठरतं, ते तुला माहीत आहेच. पण तोच पत्ता नव्या संचात पुन्हा छापला असेल, तर तुझ्याकडची जुनी प्रतही चालते. ट्रेनरचे, म्हणजे मदतीचे पत्ते आधी बघ, त्यातले बरेच पुन्हा पुन्हा छापतात. आणि हल्ल्याला लागणारी बेसिक एनर्जी तर कधीच बाद होत नाही.

तरीही डेक जुळला नाही तर? अरे, स्टँडर्ड हा खेळायचा एक प्रकार झाला. गणपतीत गावी जागरणाला पत्त्यांचा कॅट एकच असतो. आजोबा मेंढीकोट लावतात, आत्या बदाम सात, तुम्ही पोरं झब्बूवरून भांडता. कुठला खेळ अधिकृत, असं तिथे कुणी विचारत नाही. दुकानाचा नियम दुकानात. आपल्या गॅलरीत चटईवर बसणाऱ्यांनी आपला ठरवावा.

हे मी मनाचं सांगत नाही. तुझा मुलुंडचा दादा तो मॅजिक नावाचा पत्त्यांचा खेळ खेळतो ना, १९९३ साली आलेला? त्यातला त्याचा आवडता कमांडर हा प्रकार कंपनीने काढलेला नाही, खेळणाऱ्यांनीच काढला. १०० पत्त्यांचा डेक, साध्या लँडचे पत्ते (तिथली एनर्जीच) सोडले तर प्रत्येक पत्ता एकदाच, बहुतेक वेळा चौघं जण, आणि २० ऐवजी ४० लाइफ, म्हणजे शून्यावर आले की हरलो ते गुण. कंपनीने त्यासाठी तयार डेक बाजारात आणले ते २०११ मध्ये, लोक आधीच खेळत होते म्हणून. पोकेमॉनमध्येही खेळाडूंनीच काढलेलं जिम लीडर चॅलेंज आहे. ६० पत्ते, सगळे पोकेमॉन एकाच प्रकारचे, बेसिक एनर्जी सोडून कुठलाच पत्ता दोनदा नाही. ईएक्स, व्ही वगैरे जास्त ताकदीची बडी मंडळी बाहेर. म्हणजे ज्या पत्त्यांसाठी तू माझ्याकडे पैसे मागतोयस, नेमके तेच तिथे चालत नाहीत! ब्लॅक अँड व्हाइट या संचापासूनचे जुने पत्ते मात्र चालतात. तुझ्याकडे पाण्याचे भरपूर आहेत, त्यांचा डेक लावून बघ.

पण मला विचारशील तर तू क्यूब कर. आपल्याच डब्यातले पत्ते निवडून एक कायमचा ढीग बनवायचा. चौघांना प्रत्येकी १५ पत्त्यांचे तीन गठ्ठे, म्हणजे १८० पत्ते झाले. गठ्ठ्यातला एक पत्ता ठेवायचा, उरलेले शेजाऱ्याकडे सरकवायचे. पहिला गठ्ठा डावीकडे फिरतो, दुसरा उजवीकडे, तिसरा परत डावीकडे. बेसिक एनर्जीचा ढीग मध्ये ठेवायचा, ज्याला हवी तेवढी त्याने घ्यायची. ४० पत्त्यांचा डेक, सहाऐवजी चार प्राइझ, म्हणजे जिंकायला उचलायचे पत्ते. खेळ संपला की सगळं परत डब्यात. पैसा एकदाही लागत नाही, आणि कुणाच्या बाबांनी किती पाकिटं घेऊन दिली याला काही अर्थ राहत नाही.

ढीग निवडताना एक सांभाळ. चारमँडर वाढत जाऊन चारिझार्ड होतो; चारमँडर तुझ्याकडे आला आणि चारिझार्ड शेजाऱ्याने उचलला, तर दोघांचेही पत्ते फुकट. म्हणून इव्होल्यूशनच्या लांब साखळ्या थोड्याच ठेव, आणि ठेवशील तिथे खालचा पोकेमॉन दोन-तीनदा घाल. बाकी एकट्याने उभे राहणारे बेसिक पोकेमॉन भरपूर घे. कुठल्याही एनर्जीवर हल्ला करणारे असतील तर फारच छान, ते कुणाच्याही डेकमध्ये बसतात. पत्ते फिरत असताना समोरचा काय दाबून ठेवतोय हे ओळखायला मला तरी खेळापेक्षा जास्त मजा येईल.

स्टेशनबाहेरचे ते सोनेरी पत्ते यात घालू नकोस. छापखान्यात जन्म गेलाय माझा, मला हातात धरल्या धरल्या कळतं. अस्सल पत्त्याची कड निरखून बघ, मधोमध काळसर थर दिसतो. सोनेरीत तो नाहीच, वर एचपीचे, म्हणजे पोकेमॉन किती मार सोसेल त्याचे, आकडे वाट्टेल ते आणि स्पेलिंगचीही बोंब.

स्पर्धेला जाऊच नकोस असं नाही. नवा संच येतो तेव्हाच्या प्रीरिलीजला जा. तिथे सगळ्यांना बंद खोके मिळतं आणि त्यातूनच ४० पत्त्यांचा डेक लावायचा असतो, घरचं काही चालत नाही. त्याची एक फी मी देईन. मोबाइलवरच्या पोकेमॉन पॉकेटमधला २० पत्त्यांचा, तीन गुणांचा खेळ मात्र परीक्षा संपेपर्यंत बंद, त्यावर वाद नको.

रविवारी मला सुट्टी आहे. खालच्या मजल्यावरच्या दोघांना चारला बोलाव, चौथा मी. तोपर्यंत १८० पत्ते तू काढून ठेव. आणि आईला सांग, पोहे जास्त भिजव म्हणावं.

तुझा,
बाबा