टीका करा, पण छळ नको

महोदय,

ग्रामपंचायतीची निवडणूक आली की कोकणातल्या वाडीवाडीचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तापतात. ‘नळपाणी योजनेचा पैसा कुठे मुरला?’ असे सरपंचांना कितीही तिखट शब्दांत विचारा, तो हक्कच आहे. २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या मतावरून अटक झाली. त्यानंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्दच केले. कोणाला राग आला, एवढ्याने बोलणे गुन्हा ठरत नाही.

पण त्याच सरपंचबाईंचा नंबर घाणेरड्या मजकुरासह पसरवणे, रात्री-अपरात्री त्यांना मेसेज करत राहणे, त्यांच्या फोटोवर खोटे खाते उघडणे, यात गावाच्या कारभाराचा प्रश्न उरतोच कुठे?

अशा वेळी ठाण्यात जाऊन ‘माझी बदनामी झाली’ एवढेच सांगितले, की तिथेच घोडे अडते. बदनामी अदखलपात्र आहे, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. पोलीस न्यायालयाचा रस्ता दाखवतात. त्याच मेसेजमध्ये भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खालचा पाठलाग किंवा कलम ७९ खालचा स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करणारा मजकूर असेल, तर ते दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस थेट गुन्हा नोंदवून तपास करू शकतात. मेसेजच्या बाबतीत कलम ७८ साठी स्त्रीने नको म्हटल्यानंतरही वारंवार केलेला संपर्क दाखवावा लागतो. म्हणून ‘मला मेसेज करू नका’ असे एकदाच स्पष्ट लिहावे आणि पुढे वाद घालू नये. (छळ होणाऱ्या पुरुषाला हे कलम उपयोगी नाही, ही कायद्यातली उणीवच आहे.)

संतापाच्या भरात चॅट पुसणे सर्वांत महागात पडते. नंबर सेव्ह असेल तर स्क्रीनशॉटमध्ये फक्त नाव येते; तेव्हा कॉन्टॅक्ट उघडून नंबरचाही स्क्रीनशॉट घ्यावा, तारीख-वेळ दिसू द्यावी. फेसबुक-इन्स्टाग्रामवर नाव बदलता येते, म्हणून प्रोफाइलची लिंक जपावी. मगच रिपोर्ट आणि ब्लॉक. मूळ फोन विकू किंवा फॉरमॅट करू नये. अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र न्यायालयात जोडावे लागते आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये बदल झाला की बदलणारा तिचा डिजिटल ठसा) लिहायची असते.

त्रास देणारा विरारला आणि बाई लांज्यात, तरी ‘आमची हद्द नाही’ हे उत्तर चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची तक्रार लांज्यातही नोंदवून घ्यावीच लागते. या नोंदीची (एफआयआरची) प्रत मोफत मिळते. ती हातात पडल्याशिवाय ठाण्यातून उठू नये.

– एक वकील, रत्नागिरी