फिनिक्सच्या उन्हात गावरान टोमॅटो पिकवायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "अगं, त्यात काय" म्हणून विषय बदलता. म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं पत्र लिहितेय. अॅरिझोनात नव्याने राहायला आलेल्या आपल्या माणसांनाही ते उपयोगी पडेल.

तुम्ही जळगावकडचे, ऊन तुम्हाला नवं नाही. पण फिनिक्सचं ऊन निराळं. 2023 मध्ये इथे सलग 31 दिवस पारा 43 अंशांच्या वर गेला होता. अशा गावात टोमॅटो म्हटलं की सगळे दुपारची चिंता करतात. तुम्ही मला रात्रीकडे लक्ष द्यायला सांगितलंत. रात्र 24 अंशांखाली उतरेनाशी झाली आणि दिवस 35 च्या पुढे गेला की पराग निकामी होतात, फुलं गळतात. झाड हिरवंगार दिसतं, पण फळ धरत नाही. त्याआधी फळं धरायला हवीत, म्हणून तिथून मागे मोजत यायचं. डिसेंबरअखेर घरात बी टाकायचं, फेब्रुवारीच्या मध्यावर रोपं बाहेर लावायची आणि दव गोठायची भीती असेल त्या रात्री जुनी चादर पांघरायची. बियांच्या पाकिटांवरचं वेळापत्रक बहुतेक थंड मुलखासाठी असतं. तुमचा हिशेब इथल्या हवेचा होता.

वाणांबद्दलही तुम्ही खरं तेच बोललात. ब्रँडीवाइन चवीला उत्तम, पण पिकायला फार दिवस घेतो, तेवढी सवड इथला वसंत देत नाही. त्याऐवजी पुंता बांदाचं बी तुम्ही माझ्या हातावर ठेवलंत. मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाच्या कोरड्या किनाऱ्यावरून आलेला हा लहान फळांचा, जाड सालीचा वाण. टूसॉनच्या नेटिव्ह सीड्स/सर्च या संस्थेने 1983 पासून वाळवंटातली बियाणी जपली, हेही मला तुमच्याकडूनच कळलं.

आणि ती ‘कलीची’ (caliche)! जमिनीखालचा तो चुन्याचा थर फोडायला तुम्ही स्वतः पहार घेऊन आलात, सत्तरी उलटलेली असताना. खड्ड्यात पाणी भरून ठेवलंत आणि दुसऱ्या दिवशी ते मुरलं का हे बघायला पुन्हा आलात. मुरलं नव्हतं, म्हणून वर फळ्यांचा वाफा बांधायचं ठरलं. फळांची बुडं काळी पडू लागली तेव्हा सगळ्यांनी मला अंड्यांची टरफलं टाकायला सांगितली होती. इथल्या मातीत चुना मुबलक आहे, ओलावा कमीजास्त झाला की तो फळापर्यंत पोचत नाही, हे एकट्या तुम्ही समजावलंत. ठिबक सावकाश, खोलवर, आणि वर पेंढ्याचं जाड आच्छादन. पुढची फळं निरोगी आली.

पश्चिमेकडून शेडनेट लावायला सांगितलंत. फळावर रंगाची झाक दिसताच तोडून घरात पिकवायलाही. तीस अंशांच्या पुढे टोमॅटोला पुरता लाल रंग चढत नाही आणि पक्षी तर टपलेलेच असतात. मे महिन्यात आमच्याकडे त्या टोमॅटोंचं सार झालं. चव आंबटगोड, दाट, दुकानातल्या टोमॅटोला कधीच न येणारी. मुलांनी वाटीला तोंड लावून प्यायलं.

सगळ्यात चांगल्या झाडाचं बी मी तुमच्या पद्धतीने गरासकट आंबवून, धुऊन, सावलीत वाळवलंय. पहिलं पाकीट तुमचं. डिसेंबरात पेरणीआधी घेऊन येते.

एक विनंती आहे. वर्षानुवर्षांच्या पेरणीच्या तारखा तुम्ही ज्या निळ्या वहीत लिहिल्या आहेत, ती मला थोडे दिवस द्याल का? टाइप करून देईन, म्हणजे इथल्या इतरांनाही देता येईल. काकूंना नमस्कार सांगा.

तुमची,
फिनिक्सजवळच्या चँडलरची शेजारीण